बर्फ, बँकिंग आणि व्हिक एल्फर्ड

1968 सालच्या जानेवारीच्या अखेरीस व्हिक एल्फर्ड नावाचा लंडनचा चालक आल्प्सच्या घाटांतून रात्रीच्या अंधारात पोर्शे 911 हाकत होता. रस्त्यावर कुठे बर्फ, कुठे कोरडी सडक. मॉन्टे कार्लो रॅली त्यानं जिंकली. पुढच्या आठवड्यात तो अटलांटिकपलीकडे, फ्लोरिडातल्या डेटोनाला, 24 तासांच्या शर्यतीत पोर्शे 907 मध्ये बसला होता आणि ती शर्यतही त्याच्याच गाडीनं मारली. मे महिन्यात सिसिलीतली टार्गा फ्लोरिओ जिंकली, त्यानंतर दोन आठवड्यांनी नूरबर्गरिंगची 1000 किलोमीटरची शर्यत जिंकली. जुलैत फ्रान्सच्या ग्रां प्रीत, धो धो पावसात, आयुष्यातली पहिली फॉर्म्युला वन शर्यत चालवली आणि चौथा आला.

जानेवारी ते जुलै, एवढ्यात हे सगळं झालं. भजनी मंडळातल्या पखवाजवाल्याला उचलून लावणीच्या फडात ढोलकीवर बसवावं, तिथून थेट चित्रपटाच्या रेकॉर्डिंगला न्यावं, आणि त्यानं सगळीकडे समेवर बिनचूक यावं, असला हा प्रकार होता. रॅलीत रस्ता दर क्षणाला नवा असतो. डेटोनात तेच सहा किलोमीटर चोवीस तास. एकीकडे शेजारी नोंदी वाचणारा सोबती, दुसरीकडे रात्रभर इंजिनाच्या आवाजाखेरीज कोणी नाही. हात, डोळे, धीर, सगळंच वेगळं लागतं.

मोटारशर्यतींच्या जुन्या काळाची आठवण काढून हळहळणाऱ्यांपैकी मीही एक. पण हळहळताना त्या काळाचा हिशेब दोन्ही बाजूंनी मांडावा लागतो, आणि तो मांडायला एल्फर्डसारखा दुसरा माणूस मला सापडत नाही.

त्याचा जन्म 1935 चा, लंडनच्या पेकहॅममधला. खिशात पैसा नव्हता, त्यामुळे रॅलीत त्याचा शिरकाव झाला तो नकाशा मांडीवर घेऊन. डेव्हिड सीगल-मॉरिस या चालकाचा तो सहचालक होता. पुढचं वळण किती बाकदार, उतार कुठे संपतो, घड्याळ काय म्हणतंय, हे सांगत बसायचं आणि चाक दुसऱ्याच्या हातात! चाकामागे बसण्याची घाई झालेल्या माणसाला ही शिक्षा वाटावी. पण त्यानं पुढे जे केलं त्याची मुळं मला इथेच दिसतात. रस्ता आधी डोक्यात लिहून काढायचा आणि मग चालवायचा, ही सवय त्याला या जागेवर लागली असणार. मग मिनीतून स्वतः चालवणं सुरू झालं, फोर्डच्या कारखाना-संघात जागा मिळाली. 1966 मध्ये त्यानं पोर्शेच्या हुश्के फॉन हान्श्टाइन यांच्यामागे लकडा लावून कॉर्सिकाच्या रॅलीसाठी एक 911 मिळवली. त्या काळात 911 म्हणजे श्रीमंतांची रस्त्यावरची गाडी; ती रॅलीत जिंकेल असं पोर्शेवाल्यांनाच फारसं वाटत नव्हतं. एल्फर्ड तिसरा आला आणि पोर्शेनं त्याला ठेवूनच घेतलं.

पुढचं वर्ष, 1967, त्यानं कसं काढलं ते पाहा. फेब्रुवारीत इंग्लंडमधल्या लिडन हिलला दूरचित्रवाणीसाठी एक नवा खेळ भरवला गेला: अर्धी माती, अर्धं डांबर, चार गाड्या एकदम सोडायच्या. रॅलीक्रॉस. जगातली ती पहिली रॅलीक्रॉस शर्यत एल्फर्डनं जिंकली. ऑगस्टमध्ये नूरबर्गरिंगवर 84 तासांची शर्यत झाली. आकडा चुकलेला नाही, साडेतीन दिवस आणि साडेतीन रात्री. हान्स हेरमान आणि योखेन नेर्पाश यांच्या जोडीनं त्यानं तीही जिंकली. शिवाय युरोपच्या रॅली अजिंक्यपदाची माळ त्याच वर्षी गळ्यात पडली. एवढं होऊनही त्याच्या मनात एक सल होता. त्या वर्षीच्या मॉन्टे कार्लो रॅलीत तो शेवटच्या रात्रीपर्यंत पुढे होता, आणि मग ट्युरिनीच्या घाटात बर्फ पडलं. गाडीला लावलेले टायर त्या बर्फाच्या कामाचे नव्हते. तिसऱ्या जागेवर समाधान मानावं लागलं.

म्हणून 1968 ची ती रात्र. मॉन्टे कार्लो रॅलीचा निकाल लागायचा तो शेवटच्या रात्री, मोनॅकोच्या मागच्या डोंगरांत. कोल द ट्युरिनी हा सगळ्यांत गाजलेला घाट, उंची 1607 मीटर. आपल्याकडे आंबेनळी किंवा वरंध ज्यांनी पावसाळी रात्री धुक्यात उतरला असेल त्यांना केसासारख्या वळणांची कल्पना आहे. त्या वळणांवर काळं, न दिसणारं बर्फ पसरलंय असं समजायचं. संघाची माणसं स्पर्धकांच्या थोडा वेळ आधी त्याच रस्त्यावरून जाऊन यायची आणि कुठे बर्फ आहे, कुठे सुकलंय, ते नोंदवहीत उतरवून द्यायची. त्यावरून ठरायचं की खिळ्यांचे टायर घालायचे की साधे. खिळे जास्त असतील तर कोरड्या सडकेवर गाडी घसरते, कमी असतील तर बर्फावर. पंधरा-वीस किलोमीटरच्या घाटात दोन्ही भेटणार, तेव्हा निवड कशीही केली तरी घाटाचा काही भाग चुकीच्या टायरवरच काढायचा. एल्फर्डच्या शेजारी डेव्हिड स्टोन बसला होता, नोंदी वाचत. फ्रान्सचा जेरार लारूस हलक्याफुलक्या अल्पिनमधून त्याला तोडीस तोड झुंजवत होता. पण रस्त्याकडेला उभ्या असलेल्या बघ्यांना नुसती शर्यत पुरेना. त्यांनी मौज म्हणून फावड्यांनी कोरड्या रस्त्यावर बर्फ टाकलं, आणि लारूसची गाडी त्यावर घसरून कामातून गेली. एल्फर्ड जिंकला. पोर्शेचा हा मॉन्टे कार्लोमधला पहिला निखळ विजय, दुसऱ्या क्रमांकावर पाउली तोइव्होनेन, तोही पोर्शेतच. बिचाऱ्या लारूसचं नाव पुढे पुन्हा येणार आहे.

मोनॅकोतला समारंभ आटोपून एल्फर्डनं विमान पकडलं. डेटोनाचा ट्रॅक म्हणजे 31 अंशांनी कललेल्या डांबराच्या भिंती. अशा कलत्या वळणाला तिकडे बँकिंग म्हणतात आणि त्यावर गाडी वेगातच चिकटून राहते. भीतीनं पाय उचलला तर ती खाली घसरते. आठवड्यापूर्वी जो माणूस बर्फावर पाय अलगद ठेवत होता त्यानं आता पाय उचलायचाच नाही. शर्यतीच्या शेवटी पोर्शेच्या तीन गाड्या एका रांगेत शेजारीशेजारी रेषा ओलांडून गेल्या, एक, दोन, तीन. विजेत्या गाडीच्या यादीत पाच चालकांची नावं आहेत: एल्फर्ड, नेर्पाश, श्टोमेलेन, सिफर्ट, हेरमान. 24 तासांच्या शर्यतीतला पोर्शेचा हा पहिला निर्भेळ विजय.

मला हा माणूस भेटला तो सत्तरच्या दशकाच्या शेवटी, मुंबईत फोर्टच्या फुटपाथवर. हुतात्मा चौकाच्या आसपास जुन्या पुस्तकांचे ढीग लागायचे, त्यांत कधीमधी इंग्लंडची मोटारींची मासिकं सापडायची. कोणा परदेशी कंपनीच्या साहेबानं रद्दीत काढलेली, मुखपृष्ठ फाटलेलं, मधली पानं गायब. शर्यत सुरू झाल्याचं वर्णन मिळायचं आणि निकालाचं पान नसायचं. मग कोण जिंकलं ते कळायला दुसरा अंक हाती लागेपर्यंत थांबायचं, आणि तो लागेलच याची खात्री नाही. रस्त्यावर तेव्हा दोनच गाड्या धावायच्या, फियाट आणि अँबेसिडर. त्या दुनियेत बसून टार्गा फ्लोरिओचं वर्णन वाचायचं म्हणजे डोळ्यांपुढे काय आणावं हेच कळायचं नाही. आता माझा भाचा फोनवर एकाच वेळी वीस गाड्यांच्या फेऱ्यांची वेळ बघतो, चालक आणि इंजिनिअरचं बोलणं ऐकतो, हेल्मेटमधल्या कॅमेऱ्यातून वळण पाहतो. त्याला जेवढं दिसतं त्याच्या शतांशही आम्हाला दिसलं नाही. तरी त्याला विचारलं, ‘अरे, हाच माणूस परवा बर्फावर रॅली चालवेल का?’ तर तो माझ्याकडे असा बघतो की मामाचं काहीतरी बिनसलंय.

टार्गाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण तिच्यासारखं आता कुठेच काही उरलेलं नाही. सिसिलीच्या मादोनिए डोंगरांत 72 किलोमीटरची एक फेरी, सातशेहून जास्त वळणं, आणि रस्ता कुठला, तर रोजचा, गावकऱ्यांचा. चेर्दा, काल्ताव्हुतुरो, कोलेसानो अशी गावं वाटेत. लोक आपल्या दारात खुर्च्या टाकून बसलेले, आणि त्यांच्या पायरीपासून हाताच्या अंतरावरून कारखान्याच्या खास शर्यतगाड्या जाताहेत. अशा दहा फेऱ्या, 720 किलोमीटर. बाकीचे चालक हा ट्रॅक पाठ होणं अशक्य म्हणायचे. एल्फर्ड रॅलीवाला. त्यानं तो रॅलीच्या घाटासारखा वळणावळणानं डोक्यात उतरवला. 1968 मध्ये पहिल्याच फेरीत त्याच्या 907 च्या चाकाचा नट सैल झाला, पुढे टायरनंही दगा दिला, आणि पाव तासाहून जास्त वेळ गेला. शर्यत संपल्यातच जमा. मग त्यानं फेरीमागून फेरी अशी काढली की 72 किलोमीटरला छत्तीस मिनिटांच्या आसपास, म्हणजे गावांतून, गल्ल्यांतून, घाटांतून ताशी सरासरी 120 किलोमीटर. मधल्या वेळात उंबेर्तो माल्योली या जाणत्या इटालियनानं गाडी सांभाळली. शेवटी अल्फा रोमिओंना मागे टाकून तीच गाडी पहिली आली. पोर्शे आपल्या विजयाची पोस्टर काढायची तेव्हा त्यावर गाडी मिरवायची. या खेपेला एल्फर्डचा चेहरा मोठा छापला.

आता हिशेबाची दुसरी बाजू.

जुलैतल्या त्या फ्रेंच ग्रां प्रीत कूपर संघाला एका रॅलीवाल्याची आठवण का झाली? कूपरच्या दोन चालकांपैकी लुदोव्हिको स्कार्फिओत्ती 8 जून रोजी जर्मनीत रॉसफेल्डच्या डोंगर-चढाईच्या शर्यतीत सराव करताना मेला. दुसऱ्या दिवशी स्पाच्या ट्रॅकवर ब्रायन रेडमनची गाडी फुटून त्याचा हात मोडला. जागा रिकामी झाली ती अशी. रूआंच्या ओल्या रस्त्यावर एल्फर्ड सर्वांत मागून निघाला आणि चौथा आला, त्याचं कौतुक करावं तेवढं थोडं. पण त्याच शर्यतीत तिसऱ्या फेरीला जो श्लेसर होंडाच्या मॅग्नेशियमच्या गाडीत जळून गेला, आणि बाकीचे त्या आगीजवळून फेऱ्या मारत राहिले. त्या वर्षी एप्रिलच्या 7 तारखेला जिम क्लार्क गेला, मेच्या 7 ला माइक स्पेन्स, जूनच्या 8 ला स्कार्फिओत्ती, जुलैच्या 7 ला श्लेसर. चार महिने, चार माणसं. शिवाय कोण कुठे गेलं ते बघा. क्लार्क, त्या काळचा निर्विवाद अव्वल चालक, हॉकेनहाइमला फॉर्म्युला टूच्या शर्यतीत गेला. जागतिक अजिंक्यपदाशी तिचा काही संबंध नव्हता. स्पेन्स इंडियानापोलिसला सरावात, स्कार्फिओत्ती डोंगर-चढाईत. आम्ही ज्या ‘सगळं काही चालवण्याच्या’ आठवणी काढून उसासे टाकतो तेच त्यांना भोवलं. जितक्या जातीच्या गाड्या, तितके मरणाचे रस्ते.

एल्फर्ड एकटा नव्हता. स्टर्लिंग मॉस 1955 च्या मिले मिलियात इटलीभर हजार मैल 10 तास 7 मिनिटं 48 सेकंदांत धावला, शेजारी दाढीवाला पत्रकार डेनिस जेन्किन्सन कागदाची गुंडाळी उलगडत वळणं सांगत होता; हाच मॉस रॅल्याही चालवायचा. क्लार्कनं 1965 मध्ये मोनॅकोच्या ग्रां प्रीला चक्क दांडी मारून इंडियानापोलिस 500 जिंकली, आणि तरी जगज्जेता झाला. 1964 मध्ये तो कॉर्टिनातून ब्रिटनचा सलून गाड्यांचा विजेता होता. 1966 च्या आरएसी रॅलीत त्यानं भल्या भल्या रॅलीवाल्यांना मागे टाकणाऱ्या वेळा नोंदवल्या आणि मग गाडी उलटवून घरी गेला. ग्रॅहम हिलनं मोनॅको, इंडियानापोलिस आणि ल मान्स तिन्ही जिंकलं, ते आजवर दुसऱ्या कोणाला जमलेलं नाही. जॉन सर्टीस मोटारसायकलींचा सात वेळा जगज्जेता, मग फॉर्म्युला वनचा. ब्रिटिशांत तेव्हा ही रीतच होती.

रीत होती, कारण पोटाचा प्रश्न होता. 1968 मध्ये फॉर्म्युला वनच्या अजिंक्यपदाच्या शर्यती बारा. उरलेल्या चाळीस आठवड्यांत करायचं काय? शर्यतीच्या आयोजकाकडून हजर राहण्याचे पैसे मिळत, बक्षिसाचे मिळत, म्हणून जिथे पैसे तिथे जायचं. गाड्याही अशा की त्यांचं मन कळायला माणसाचे हात आणि पाठ पुरे पडत. आज फॉर्म्युला वनच्या वर्षाला 24 शर्यती, मधल्या दिवसांत कारखान्यात सिम्युलेटर, प्रायोजकांची कामं, आणि करारात लिहिलेलं असतं की स्कीइंग करताना पाय मोडलास तर तुझं तू बघ. पूर्वी एक चालक अनेक गाड्यांचा होता. आता एका गाडीमागे पाचशे-हजार माणसं उभी असतात आणि त्यातला चालक एक.

दारंही बंद झाली. एल्फर्ड रॅलीतून येऊन थेट ग्रां प्रीत बसला. 2009 मध्ये अनेकदा रॅलीचा जगज्जेता झालेला सेबास्टियन लोब अबू धाबीच्या ग्रां प्रीत उतरू पाहत होता, तर त्याला परवानाच मिळाला नाही. आता तर तीन वर्षांत ठराविक मालिकांतून 40 गुण जमवल्याशिवाय तो परवाना मिळत नाही. हळहळणारा मी इथे थोडा अडखळतो. नियम चिडवतो खरा, पण श्लेसरसारख्यांना अनोळखी, अर्धवट तयार गाडीत पावसात उतरवणारा काळ हा नियम नसल्याचाच काळ होता.

मुंबईलाही या जातीच्या माणसांचं दर्शन घडलं होतं, तेही त्याच 1968 च्या डिसेंबरात. लंडनहून निघालेली लंडन-सिडनी मॅरेथॉन पॅरिस, इस्तंबूल, तेहरान, काबूल, दिल्ली करत सात दिवसांत मुंबईला पोचली. इथे गाड्या ‘चुसान’ या आगबोटीत चढवल्या आणि ऑस्ट्रेलियाला फ्रीमँटलला उतरवल्या. मुंबईपर्यंत आघाडीवर होता रॉजर क्लार्क, फोर्डची लोटस कॉर्टिना घेऊन. याच ताफ्यात होता बेल्जियमचा ल्युसियन बियांकी, सिट्रोएनमध्ये. मे महिन्यात तो मोनॅकोच्या ग्रां प्रीत कूपरमधून तिसरा आला होता. सप्टेंबरात पेद्रो रॉद्रिगेझच्या जोडीनं ल मान्स जिंकला होता. आणि आता अफगाणिस्तानची धूळ खाऊन मुंबईच्या बंदरात उभा! त्या आठवड्यात मुंबईकरांनी गर्दी केली ती परदेशी गाड्या बघायला. आपल्या धक्क्यावर ल मान्सचा चालू विजेता फिरतोय हे किती जणांना ठाऊक होतं, शंकाच आहे. ऑस्ट्रेलियात बियांकी पुढे निघाला, शर्यत जवळजवळ त्याच्या खिशात होती, आणि सिडनी हाकेच्या अंतरावर असताना समोरून आलेल्या मिनीशी टक्कर झाली. हिलमन हंटरवाला स्कॉटिश अँड्र्यू कोवन जिंकला. साडेतीन महिन्यांनी, 1969 च्या मार्चमध्ये, बियांकी ल मान्सच्याच ट्रॅकवर चाचणीच्या वेळी गेला. त्याच्या भावाचा नातू ज्यूल्स. 2014 मध्ये सुझुकाला पावसात अपघात झाला आणि 2015 मध्ये गेला, तोच हा ज्यूल्स बियांकी.

एल्फर्डचं बाकीचं आयुष्य भराभर सांगतो. 1969 मध्ये ल मान्सला पोर्शेची नवी 917 आली. सरळ रस्त्यावर ती शेपूट हलवायची म्हणून जाणते चालक तिच्यात बसायला तयार नव्हते. एल्फर्डला ती हवीच होती. रिचर्ड अॅटवुडच्या जोडीनं तो तासन् तास पुढे राहिला, आणि तीनएक तास उरले असताना गाडीनं मान टाकली. पुढच्या वर्षी त्यानं तिथे 3 मिनिटं 19.8 सेकंदांची फेरी काढली, म्हणजे सरासरी ताशी 240 किलोमीटरच्या वर. शर्यत जिंकली अॅटवुड-हेरमान जोडीनं, दुसऱ्या 917 मधून. ल मान्सचा मुख्य चषक त्याच्या नशिबी नव्हताच. 1970 मध्ये अमेरिकेत जिम हॉलची चॅपराल 2जे त्यानं चालवली. तिच्या पाठीमागे दोन मोठे पंखे, ते चालवायला वेगळं छोटं इंजिन. गाडीखालची हवा शोषून तिला जमिनीला चिकटवायचे. एल्फर्डनं तिला घेऊन शर्यतीच्या सुरुवातीच्या रांगेतल्या पहिल्या जागा पटकावल्या, आणि प्रतिस्पर्ध्यांनी तक्रारी करून वर्षअखेरीस तिच्यावर बंदी आणली. 1971 मध्ये फ्लोरिडातली सेब्रिंगची 12 तासांची शर्यत त्यानं जिंकली. जोडीदार? जेरार लारूस. घाटातलं ते बर्फ दोघांनीही मागे टाकलं होतं. अमेरिकेत नॅस्कारची डेटोना 500 ही त्यानं चालवली, स्टीव्ह मॅक्वीनच्या ‘ल मान्स’ चित्रपटासाठीही गाडी हाकली. आणि फॉर्म्युला वनच्या आकडेवारीत त्याच्या नावापुढे काय आहे? 13 शर्यती, 8 गुण. आजची मुलं चालक जोखतात तो या एकाच कोष्टकावरून, म्हणून त्यांना एल्फर्ड ठाऊक नसतो.

एक प्रसंग मात्र भराभर सांगण्यासारखा नाही. 1972 चं ल मान्स, रविवारची सकाळ. एल्फर्ड अल्फा रोमिओत होता. मुल्सानच्या पुढच्या झाडीत त्याला रस्त्यावर अवशेष पसरलेले दिसले आणि एक फेरारी पेटलेली. त्यानं गाडी थांबवली. शर्यत चालू असताना, आपणहून, कडेला लावली आणि आगीकडे धावला. फेरारीचं दार त्यानं उघडलं तर आत कोणी नव्हतं. चालक आधीच बाहेर पडला होता. मग त्याचं लक्ष झाडांकडे गेलं. यो बोनिएची लोला रस्ता सोडून झाडांत जाऊन पडली होती. बोनिए संपला होता. हा स्वीडिश बोनिए म्हणजे चालकांच्या सुरक्षिततेसाठी वर्षानुवर्षं भांडणारा माणूस. एल्फर्डच्या या थांबण्यासाठी राष्ट्राध्यक्ष पाँपिदू यांनी त्याला फ्रान्सचा राष्ट्रीय सन्मान दिला.

2020 मध्ये बहारिनला रोमाँ ग्रोजाँची गाडी कठड्यात घुसून दुभंगली आणि पेटली, तेव्हा मी घरी पडद्यासमोर होतो. डोळ्यांपुढे आपोआप श्लेसर आला, विल्यमसन आला, ज्याला वाचवायला 1973 मध्ये झांडफोर्टला डेव्हिड पर्ली एकटाच आगीशी झटत राहिला. पण 28 सेकंदांनी ग्रोजाँ ज्वाळांतून स्वतःच्या पायांनी बाहेर आला. डोक्यावरची हेलो कमान, अंगातले अग्निरोधक कपडे, मागोमाग आलेली डॉक्टरची गाडी. कोणत्याही चालकाला शर्यत सोडून थांबावं लागलं नाही. त्या रात्री मला जुन्या काळाबद्दल एक अवाक्षर काढावंसं वाटलं नाही.

तरीही बहुरूपी चालक अगदीच संपले असं नाही. निको हुल्केनबर्गनं 2015 मध्ये दोन ग्रां प्रींच्या मधल्या सुट्टीत जाऊन ल मान्स जिंकलं. फर्नांदो अलोन्सोनं 2017 मध्ये क्लार्कसारखीच मोनॅकोला दांडी मारून इंडियानापोलिस गाठलं. ल मान्स दोनदा जिंकलं, वाळवंटातली डाकार रॅलीही चालवली. जेन्सन बटन फॉर्म्युला वन सोडून जपानमध्ये सुपर जीटी जिंकून आला. रॉबर्ट कुबिकाची कथा सगळ्यांत बोचरी. 2011 च्या फेब्रुवारीत हौसेखातर तो इटलीतल्या एका छोट्या रॅलीत उतरला, रस्त्याकडेचा लोखंडी कठडा गाडीत आरपार घुसला, उजवा हात कायमचा अधू झाला. त्यानंतर कुठला संघ आपल्या चालकाला रॅलीला जाऊ देईल? आणि 2025 मध्ये याच कुबिकानं त्याच हातानं फेरारीतून ल मान्स जिंकलं.

एल्फर्ड मार्च 2022 मध्ये फ्लोरिडात वारला, वय 86. त्यानं काही वर्षं आणखी काढली असती तर त्याला एक गंमत बघायला मिळाली असती. नूरबर्गरिंगच्या जुन्या लांब ट्रॅकवर, जिथे एल्फर्डनं 84 तासांची शर्यत आणि 1000 किलोमीटरच्या तीन शर्यती जिंकल्या होत्या, तिथे 2025 मध्ये चार वेळचा जगज्जेता मॅक्स फर्स्टापेन शर्यतीला आला. आधी सरावाला तो ‘फ्रान्झ हेरमान’ असं खोटं नाव लावून आला होता. तिथल्या नियमानं त्याला या ट्रॅकचा परवाना नव्हता. म्हणून सप्टेंबरात जगातल्या सर्वांत वेगवान चालकानं मुद्दाम ताकद कमी केलेली पोर्शे केमन घेऊन, शहाण्यासारख्या ठरलेल्या फेऱ्या पूर्ण केल्या. परवाना हातात पडला. दोन आठवड्यांनी तो फेरारी घेऊन परत आला आणि ख्रिस लुलहॅम या तरुण इंग्रज जोडीदारासह पहिल्याच खेपेला जिंकून गेला.